कोवळी जागा

बाळ जन्माला येतं तेव्हा त्याची बोटं सुटी झालेली असतात, पापण्या उघडझाप करत असतात, नखंसुद्धा आलेली असतात. मुलगा असेल तर त्याच्या शरीरावरची एक जागा मात्र बहुधा अजून बंदच असते. शिश्नाची पुढची कातडी आतल्या शिश्नमुंडाला चिकटलेली असते. दोन्हींमध्ये फट अशी नसतेच. ओल्या दुपट्यात दिवस काढणाऱ्या जिवाच्या सर्वांत नाजूक भागावर शरीरानं स्वतःच घातलेलं हे पांघरूण. मग वर्षं जातात. आतल्या पेशी झडतात, त्यांचा पांढरट थर साठतो आणि आपसूक बाहेर येतो, आणि चिकटलेलं ते आपल्या गतीनं सुटत जातं.

१९४९ साली डग्लस गेर्डनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या कातडीवर एक निबंध लिहिला. नवजात मुलांपैकी अवघ्या ४ टक्क्यांची कातडी पूर्ण मागं जाते, असं त्यानं त्यात नोंदवलं. पुढं १९६८ मध्ये याकोब ओस्टर या डॅनिश डॉक्टरनं शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासून दाखवलं, की ६-७ वर्षांच्या मुलांत ८ टक्के जणांची कातडी घट्ट असते आणि १६-१७ व्या वर्षी हे प्रमाण १ टक्क्यावर येतं. औषध नाही, ओढाताण नाही. फक्त वय वाढतं आणि जागा मोकळी होते.

आमच्या कोल्हापुराकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचा हात फार जाणता मानतात. पायांवर बाळ घेऊन ती बसली, की त्याच्या डोक्याला आकार देते, नाकाचा शेंडा चिमटीत धरून वर काढते, हातपाय मोकळे करते. घरातल्या सुनाच काय, सासवाही तिच्यापुढं गप्प असतात. मला त्या हातांबद्दल आदर आहे. पण याच हातांनी काही घरांत तेलाचं बोट लावून बाळाची ती कातडी मागं ओढायचीही रीत होती, अजूनही आहे. बालरोगतज्ज्ञ आता निक्षून सांगतात, ओढू नका. चिकटलेलं ओढलं की बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि जी कडा वयाबरोबर सैल झाली असती ती त्या व्रणामुळं कायमची आवळते. माझ्या बाबतीत असं काही झालं होतं का, ते आता कुणाला माहीत नाही. ती बाईही गेली आणि सांगू शकली असती ती आजीही.

ओस्टरच्या त्या १ टक्क्यात मी होतो. टक्का लहान दिसतो. पण एकट्या महाराष्ट्रातल्या पुरुषांना तो लावून पाहा, म्हणजे किती माणसं कुणाशी न बोलता वावरत असतील ते ध्यानात येईल.

आम्ही पेठेत वाढलेली मुलं. शरीराची ओळख आम्हाला तालमीत झाली. तिथं हौद्यातल्या तांबड्या मातीचीसुद्धा निगा राखत. तिच्यात ताक ओतत, लिंबं पिळत, हळद आणि तेल घालून ती मऊ करत, कारण तिच्यावर पोरांची अंगं घासायची असत. वस्तादांना प्रत्येकाची मान, खांदा, गुडघा ठाऊक असे. कान सुजला तर काय करायचं, नायटा उठला तर कुणापासून लांब राहायचं, दूध कधी प्यायचं, झोपायचं कधी, सगळं ते सांगत. लंगोट कसा कसायचा हेही त्यांनीच शिकवलं. लंगोटाच्या आत जे आहे त्याच्याबद्दल मात्र एवढंच, की लंगोटाचा पक्का राहा. ते धुवायचं कसं, कातडी मागं जाते का, न गेल्यास कुणाला विचारायचं, हे आमच्यातल्या एकालाही कुणी सांगितलं नाही. माझ्या आतेबहिणीला तिच्या आईनं, मावशीनं, शेजारच्या काकूंनी मिळून पाळीबद्दल काही ना काही सांगितलं होतं. अर्धं चुकीचं असेल, धाकाचं असेल, तरी कुणीतरी तिच्याशी बोललं होतं. मुलाशी बापानं बोलायचं असतं. आणि बापाशीही त्याचा बाप बोललेला नसतो.

मग बोलतात त्या भिंती. एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेपुलाखाली, गावाबाहेरच्या पडक्या बांधकामांवर चुन्यानं रंगवलेल्या त्या जाहिराती मराठी मुलग्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचल्या आहेत. गुप्तरोग, नपुंसकता, शर्तिया इलाज. मला आजही त्या भिंती दिसल्या की राग येतो, कारण त्या भीती विकतात. ज्याला नुसती कातडी घट्ट असल्याची अडचण आहे तो त्यांच्यासमोर उभा राहतो आणि आपण पुरुषच नाही की काय, असा विचार घेऊन तिथून निघतो.

मी पंचविशीत आलो तरी माझी कातडी अर्ध्याच्या पुढं सरकत नव्हती. टोकाशी एक घट्ट वेढं जाणवायचं. लघवी करताना कधी कातडी आतून फुगायची आणि मग धार सुटायची. एरवी काही दुखत नव्हतं, म्हणून चाललं होतं. लग्नाच्या गोष्टी घरात सुरू झाल्या तेव्हा मात्र झोप लागेना. अखेर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला आणि त्वचारोगाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी खरूज झालेलं पोर आणि त्याची आई, पलीकडे कोडाची औषधं न्यायला आलेले एक मास्तर. आत डॉक्टर वयस्क होते. पडद्यामागं त्यांनी तपासलं, हात धुतले, आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, “याला फायमोसिस म्हणतात. पांढरा डाग नाही, व्रण नाही, कातडी निरोगी आहे. मलमानं सुटेल असं वाटतं. एक लक्षात ठेवा, ओढल्यावर ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. दुखलं की तिथं थांबायचं. चीर पडली तर पुन्हा पहिल्यापासून.”

इतकंच. त्या आवाजात ना कीव होती ना कुजबुज. त्यांनी तसंच बोलून मला माझं शरीर परत दिलं, असं म्हटलं तर ते जास्त होणार नाही.

मलम सौम्य स्टिरॉइडचं होतं. दिवसातून दोनदा, घट्ट कडेवर, अगदी पातळ बोट. त्यानं कातडी लवचीक होते, बारीक सूज ओसरते, आणि अंघोळीच्या कोमट पाण्यात तिला रोज थोडं थोडं मागं न्यायचं. काही आठवडे हे चालतं. बऱ्याच जणांना एवढ्यानं गुण येतो. इथं एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगायला हवी. हे मलम डॉक्टरनं बघून द्यायचं असतं. आपल्याकडे दुकानात मागितलं की हातात पडतात त्या ट्यूबांत स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. जांघेतल्या गजकर्णावर तीच ट्यूब वर्षानुवर्षं फासून चिवट झालेली बुरशी घेऊन येणारे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञ रोज बघतात. संसर्ग असताना नुसतं स्टिरॉइड लावलं तर तो वाढतो. म्हणून आधी डोळ्यांनी बघणारा माणूस हवा, मग मलम.

परसात केळ असेल त्यांनी नवं पान सुटताना पाहिलं असेल. ते आधी घट्ट सुरळीत येतं, आणि आतून वाढत वाढत स्वतःच उलगडतं. उतावीळ होऊन कुणी ती सुरळी हातानं सोडवली तर पान उभं फाटतं. त्या दिवसांत न्हाणीत बसून मी हेच शिकत होतो. तालमीत आम्हाला शरीरावर मात करायला शिकवलं होतं. आणखी एक जोर, आणखी एक बैठक, दुखलं तरी आणखी एक. इथं तो सगळा अभ्यास निरुपयोगी होता. बळानं काही मिळत नव्हतं, उलट गमावायची भीती होती. स्वतःच्या शरीराशी इतक्या हलक्या हातानं वागायची माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती, आणि पुरुषांवर ती फार क्वचित येते. आई बाळाला जपते, आजारी माणसाला आपण जपतो. धडधाकट तरुण पुरुषानं स्वतःच्या अंगावर मायेनं हात ठेवावा, हे आमच्या घरांत दिसत नव्हतं.

एके दिवशी कातडी पूर्ण मागं गेली.

आणि मग कळलं, की उपचाराचं दुसरं अर्धं आता सुरू होतंय. जी जागा जन्मापासून झाकलेली होती तिला वाऱ्याचीसुद्धा सवय नव्हती. तांब्यातलं पाणी तिच्यावर पडलं आणि मी अख्खा शहारलो. ते नुसतं दुखणं नव्हतं, नुसत्या गुदगुल्या नव्हत्या, नुसतं गार लागणंही नव्हतं. तिन्ही एकदम होतं, आणि नेमकं कुठं होतंय ते सांगता येत नव्हतं. टॉवेलचा धागा लागला की श्वास अडकायचा. चड्डीचं सुती कापड, जे मला आजवर मऊ वाटत आलं होतं, ते त्या जागेला काथ्यासारखं खरखरीत होतं.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी एका जुन्या प्रयोगाच्या वर्णनात सापडलं. लंडनमधला मज्जासंस्थेचा अभ्यासक हेन्री हेड यानं १९०३ मध्ये स्वतःच्या हातातले मज्जातंतू मुद्दाम कापून घेतले, आणि संवेदना कोणत्या क्रमानं परत येते ते त्याचा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यानं नोंदवत नेलं. १९०८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आधी परत आली ती ढोबळ, पसरट, तीव्र संवेदना, वेदना आणि थंड-उष्ण यांची. नाजूक आणि नेमका स्पर्श फार उशिरा आला. निरोगी शरीरातही अशी ढोबळ संवेदना असलेली एक जागा आहे, असं सांगताना त्यांनी शिश्नमुंडाचंच उदाहरण दिलं. बोटाच्या टोकाला हलक्या स्पर्शाची जी अचूक जाण असते ती तिथं नाही. तिथं मुख्यतः मज्जातंतूंची उघडी टोकं आहेत. नाजूक स्पर्श टिपणारी यंत्रणा कातडीच्या आतल्या बाजूला, कडेजवळ जास्त दाट असते. हे वाचलं तेव्हा न्हाणीतला तो शहारा मला आठवला. माझं काही बिघडलेलं नव्हतं. ती जागा तिला येत होतं त्याच भाषेत बोलत होती.

सवय लावायचीही रीत आहे, आणि तीही हळूच. आधी फक्त कोमट पाणी, धारेनं नव्हे, ओंजळीतून सोडलेलं. साबण नाही, त्या आतल्या पातळ त्वचेला साबण झोंबतो, तिला कोरडी करतो, आणि मग लाली बघून माणूस आणखी साबण लावतो. साधं पाणी पुरतं. नंतर टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. अंघोळीनंतर थोडा वेळ कातडी मागं ठेवून बसायचं, आणि मग आठवणीनं पुढं आणायची. हे ‘आठवणीनं’ फार महत्त्वाचं आहे. घट्ट कडा मागं गेली आणि तिथंच अडकली, तर पुढचा भाग सुजतो, सुजला की कडा आणखी आवळते, आणि काही तासांत रक्तपुरवठा धोक्यात येतो. अशी वेळ आली तर लाज घरी ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी. सुन्न करणारी मलमं लावून सवय होत नसते, ती फक्त पुढं ढकलली जाते.

दिवस जाऊ लागले तसा शहारा कमी झाला. एकदम नाही. आज पाणी सहन झालं, मग पंचाचा स्पर्श, मग कापडाचा. मेंदू रोज येणाऱ्या खबरीला धोका समजायचं सोडून देतो. या टप्प्यावर कित्येक पुरुषांना उलटी भीती धरते, की आता संवेदनाच मरेल. तसं होत नाही. केनिया आणि युगांडात प्रौढ पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत सुंता झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांच्या कामजीवनात ठळक फरक दिसला नाही. आणि तिथं तर कातडी काढूनच टाकलेली होती. माझ्या अनुभवानं मी इतकं सांगू शकतो, की जे गेलं ते दचकणं होतं. स्पर्श राहिला, आणि आता कुठं तो सुखाचा झाला.

लग्न ठरल्यावर मी हे सगळं होणाऱ्या बायकोला सांगितलं, रंकाळा तलावावर, चालता चालता. तिनं एकच विचारलं, “आता दुखतं का?” मी नाही म्हटलं. मग बराच वेळ आम्ही दुसरंच काहीतरी बोलत राहिलो. त्वचारोग आणि युरॉलॉजीचे डॉक्टर सांगतात, की लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत घाबरून येणाऱ्या तरुणांत कातडीला खालून शिश्नमुंडाशी जोडणारा बारीक पडदा फाटून रक्त आलेले किंवा घट्ट कातडीला चीर पडलेले बरेच असतात. पत्रिका बघायला आम्हाला वेळ असतो, हॉल बघायला असतो. आधी अर्धा तास काढून डॉक्टरकडे जायला नसतो.

सुश्रुतानं हे सगळं पाहिलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. सुश्रुतसंहितेत कातडी आवळून मूत्रमार्ग अडला तर त्याला निरुद्धप्रकश म्हटलंय, कातडी मागं जाऊन अडकली तर परिवर्तिका, आणि बळजोरीनं फाटली तर अवपाटिका. निरुद्धप्रकशावर सांगितलेला उपाय वाचावा असा आहे. दोन्ही बाजूंनी उघडी असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत सारायची, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा थोडी जाड नळी घालत जायची. शस्त्राचा पर्याय त्यानंतर येतो. म्हणजे तूप, दिवसांचं अंतर आणि थोडं थोडं वाढवत जाणं. मला ओपीडीत मिळालेला सल्ला यामागच्या विचारापासून फार लांबचा नव्हता. नळ्या मात्र आता कुणी घरी करून बघू नयेत.

हा विषय माझ्यापुरता संपला असं मला वाटत होतं. मग अण्णा थकले.

माझ्या वडिलांना साखर होती. सत्तरीनंतर गुडघे गेले आणि त्यांना अंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला ते पंचा सोडत नसत. मीही वरचेवर पाणी घालून मोकळा होई. एकदा लघवीला जाऊन आल्यावर त्यांचा चेहरा पिळवटलेला दिसला, तेव्हा मी हट्टानं बघितलं. कातडीच्या कडेला गोल भेगा पडलेल्या, लाल, सुजलेल्या. आयुष्यभर मोकळी असलेली कातडी आता मागं जात नव्हती. “राहू दे रे,” ते म्हणाले, भिंतीकडे बघत. किती महिने ते सोसत होते, कुणास ठाऊक. साखर वाढली की ती लघवीतून जाते, तिथल्या ओलाव्यात बुरशी माजते, भेगा पडतात, भरतात, पुन्हा पडतात, आणि व्रणांनी कातडी आवळत जाते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात. त्या चांगल्या गोळ्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतात, पण त्या घेणाऱ्यांनी तिथली स्वच्छता जास्त सांभाळायला लागते. भारतात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीचा २०२३ मधला अंदाज आहे. कातडीच्या कडेला पडलेल्या या भेगा हे कधी कधी मधुमेहाचं पहिलंच लक्षण असतं. चाळिशी-पन्नाशीतल्या ज्या कुणाला त्या दिसतील त्यानं मलमाआधी साखर तपासावी.

अण्णांचं मलमानं भागलं नाही. कडा पांढरी पडली होती, कागदासारखी ताठ. सर्जन म्हणाले, सुंता करावी लागेल. जागेवर सुन्न करून होते, त्याच दिवशी घरी. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री त्यांनी मला जवळ बोलावलं. ऑपरेशनची भीती नव्हती. “मेल्यावर अंघोळ घालतील,” ते हळूच म्हणाले, “चार लोक बघतील. म्हणतील, हे काय?”

आपल्या देशात ही कातडी नुसती कातडी राहिलेली नाही. फाळणीत आणि नंतरच्या दंगलींत माणसांना कपडे उतरवायला लावून त्यांचं जगणं-मरणं तिच्यावरून ठरवलं गेलं आहे. अण्णांच्या पिढीला हे ऐकून माहीत होतं. आमच्या गल्लीत मुसलमान शेजारी होते, त्यांच्या पोरांच्या सुंतेचं जेवण आम्ही जेवलो होतो. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल मुलाच्या आठव्या दिवशी सुंता करत आले आहेत. या सगळ्यांच्या शरीरांना जे आनंदानं चालतं ते एका आजारी म्हाताऱ्याला उपचार म्हणूनही घेता येऊ नये, इतकी ही भीती खोल गेली आहे. मी अण्णांना समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. मी म्हणालो, “तेव्हाची अंघोळ मीच घालणार आहे, अण्णा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सांग त्यांना, करा म्हणावं.”

ऑपरेशननंतर काही आठवडे त्यांना धोतराचा काठ सोसत नव्हता. या वयातही ती जागा तशीच कोवळी निघाली. मी त्यांना सांगितलं, आधी कोमट पाणी, मग मऊ धुवट धोतर, चोळायचं नाही, टिपायचं. माझ्या पंचविशीतल्या त्या न्हाणीबद्दलही तेव्हाच सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेव्हा मला का नाही बोललास?” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हळहळ होती. बाप आणि मुलगा म्हणून आम्ही किती वर्षं त्या एका लाजेपायी वाया घालवली, ते आम्हा दोघांनाही त्या रात्री दिसलं. पुढची दोन-तीन वर्षं त्यांना लघवीला त्रास झाला नाही. शेवटची अंघोळ मीच घातली.

मराठीत या विषयावर बोलायचं धाडस कुणी केलंच नाही असं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचक त्यांना आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारत आणि ते सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही कर्व्यांना दंड झाला. इतकी किंमत मोजून उघडलेलं ते दार आपण घराघरांत पुन्हा लावून घेतलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून ज्यांच्या घरी वयात आलेला मुलगा आहे त्या बापांना माझी विनंती आहे. त्याला एकदा, फक्त एकदा, साध्या आवाजात सांगा: अंघोळीत कातडी सहज जाईल तेवढी मागं घे, नुसत्या पाण्यानं धू, पुढं आण, ओढू नको, आणि मागं जात नसेल तर मला सांग. त्याला अवघडल्यासारखं होईल, तुम्हालाही होईल, आणि ते दोन मिनिटांत संपेल. घट्ट कातडी, साचलेली अस्वच्छता आणि तंबाखू यांचा शिश्नाच्या कर्करोगाशी संबंध आहे. वेळेवर बघितलं तर त्यातलं बरंच टळतं. ज्या तरुणांना स्वतःलाच अडचण आहे त्यांनी भिंतीवरचा नंबर फिरवू नये. सरकारी रुग्णालयात त्वचारोग किंवा सर्जरी विभागाचा केसपेपर काढावा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ नावाचा कक्ष असतो. तिथं विचारलेलं बाहेर जात नाही, आणि पैसे पडत नाहीत.